एका घड्याळात दोन गावांची वेळ : घड्याळकार लुई कोतिए

मनगटावरील एकाच तबकडीवर घरची वेळ आणि मुक्कामाची वेळ दाखवणारे यांत्रिक घड्याळ आज दुर्मिळ राहिलेले नाही. विमानप्रवासी, वैमानिक, व्यापारी आणि घड्याळांचे संग्राहक या सर्वांच्या ते परिचयाचे आहे. तथापि, अशा घड्याळाच्या आजच्या स्वरूपामागे जिनिव्हालगतच्या एका लहानशा गावातील कारागिराचे सुमारे पस्तीस वर्षांचे परिश्रम आहेत, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. लुई कोतिए (१८९४-१९६६) हे त्यांचे नाव. ज्या कंपन्यांसाठी त्यांनी काम केले त्यांची नावे जगभर पोहोचली. कोतिए मात्र जाणकारांच्या वर्तुळातच प्रसिद्ध राहिले.

त्यांनी साधलेली गोष्ट ऐकायला सोपी वाटते. एका गावाची वेळ दाखवणाऱ्या यंत्रात, त्याच्या चालीला धक्का न लावता, दुसऱ्या गावाच्या वेळेसाठी जागा करणे, हे त्यांचे कार्य होते. पृथ्वीवर सर्वत्र तास निराळे असले तरी मिनिटे एकच असतात, या गृहीतावर ते उभे होते. भारताची प्रमाणवेळ नेमकी या गृहीतात बसत नाही. म्हणूनच कोतिए यांचे चरित्र रायपूर, नागपूर किंवा पुणे येथील वाचकाला दुहेरी अर्थाने जवळचे वाटू शकते.

वडिलांची अपुरी राहिलेली कल्पना

लुई कोतिए यांचा जन्म १८९४ मध्ये कारूज येथे झाला. आर्व्ह नदीच्या काठी, जिनिव्हाच्या दक्षिणेला वसलेले हे गाव अठराव्या शतकात सार्डिनियाच्या राजांनी वाढवले आणि १८१६ मध्ये ते जिनिव्हा प्रांताला जोडले गेले. घड्याळ बनवणे हा या परिसराचा पिढीजात व्यवसाय. वडील इमॅन्युएल कोतिए हेही घड्याळकार असून चावीवर हालचाल करणाऱ्या यांत्रिक बाहुल्या तयार करण्यात निष्णात होते.

वेळेचा प्रश्न त्या काळी युरोपातही बिकट होता. प्रत्येक शहर सूर्याच्या स्थितीनुसार आपापली वेळ पाळत असे. रेल्वे आणि तारयंत्र आल्यानंतर या व्यवस्थेतून गोंधळ उद्भवू लागला. एकोणिसाव्या शतकात जिनिव्हातील इल मनोऱ्यावर तीन घड्याळे शेजारी शेजारी होती. त्यांतील एक पॅरिसची, एक जिनिव्हाची आणि एक बर्नची वेळ दाखवी. जिनिव्हा आणि बर्न यांच्या वेळेत सुमारे ५ मिनिटांचा, तर जिनिव्हा आणि पॅरिस यांच्या वेळेत सुमारे १५ मिनिटांचा फरक होता. गाडी पकडू इच्छिणाऱ्या प्रवाशाला कोणत्या घड्याळाकडे पाहायचे हे आधी ठरवावे लागे.

या प्रश्नावर विचार करण्यासाठी ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे २५ देशांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. ग्रिनिच येथून जाणारे रेखावृत्त शून्य अंशाचे मानावे, असा निर्णय तेथे झाला. पृथ्वीच्या ३६० अंशांचे २४ भाग केल्यास प्रत्येक भाग १५ अंशांचा होतो आणि लगतच्या दोन भागांत एका तासाचे अंतर पडते. कॅनडाचे अभियंते सँडफर्ड फ्लेमिंग या योजनेचे आग्रही पुरस्कर्ते होते. परिषदेने कोणत्याही देशावर कालविभाग लादले नाहीत, परंतु पुढील काही दशकांत बहुतेक देशांनी ही पद्धत स्वीकारली. स्वित्झर्लंडमध्ये १ जून १८९४ पासून मध्य युरोपीय प्रमाणवेळ लागू झाली. ज्या वर्षी देशाची घड्याळे एक झाली, त्याच वर्षी लुई यांचा जन्म झाला.

वॉशिंग्टन परिषदेनंतरच्या वर्षी, म्हणजे १८८५ मध्ये, इमॅन्युएल कोतिए यांनी जगभरची वेळ एकत्र दाखवणाऱ्या घड्याळाची योजना जिनिव्हाच्या कला संस्थेपुढे मांडली होती. ही योजना प्रत्यक्षात उतरली नाही. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर मुलाने तोच विषय हाती घेतला.

दुकानामागील कार्यशाळा

लुई यांचे शिक्षण जिनिव्हाच्या घड्याळ विद्यालयात झाले. १८२४ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यालयात विद्यार्थ्याला कानशीने धातू घासण्यापासून ते स्वतःचे संपूर्ण यंत्र तयार करण्यापर्यंतचे शिक्षण मिळत असे. लुई यांनी तेथे पारितोषिके मिळवली. त्यानंतर काही काळ त्यांनी जेगर या नावाजलेल्या कंपनीत नोकरी केली. पुढे नोकरी सोडून ते कारूजला परतले. गावातील व्होतिए रस्त्यावर त्यांच्या पत्नीचे पुस्तकांचे दुकान होते. त्या दुकानाच्या मागील बाजूस त्यांनी आपली छोटी कार्यशाळा थाटली. पुढे नामांकित कंपन्यांची कामे आली, तरी त्यांनी स्वतःचा कारखाना काढला नाही.

१९३१ मध्ये जिनिव्हातील बाझांजे या जवाहिऱ्यासाठी त्यांनी खिशात ठेवण्याचे एक घड्याळ तयार केले. त्यात मध्यभागी नेहमीप्रमाणे तासकाटा आणि मिनिटकाटा होता. त्याभोवती १ ते २४ आकडे असलेली एक कडी होती आणि सर्वांत बाहेर शहरांची नावे होती. आकड्यांची कडी २४ तासांत एक फेरी पूर्ण करी, तीही काट्यांच्या उलट दिशेने. आपल्या गावाचे नाव वरच्या टोकाशी आणून घड्याळ एकदा लावले, की प्रत्येक शहराच्या नावासमोर त्या क्षणी तेथे किती वाजले आहेत याचा आकडा येई. लंडनमध्ये दिवस आहे की रात्र, न्यूयॉर्कमधील कचेरी उघडली आहे की नाही, हे एका दृष्टिक्षेपात समजू लागले.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिन या जिनिव्हातील जुन्या कंपनीने कोतिए यांची रचना वापरून खिशातील घड्याळ बाजारात आणले. त्यावर जगातील ३१ शहरांची नावे होती. त्यानंतर आगासी, रोलेक्स आणि पाटेक फिलिप या कंपन्यांसाठीही त्यांनी अशी यंत्रे घडवली.

तयार यंत्रावर नवी चाके

कोतिए यांच्या कामाचे वैशिष्ट्य समजण्यासाठी घड्याळाची अंतर्गत रचना थोडी पाहावी लागते. चावीच्या घड्याळात गुंडाळलेली मुख्य स्प्रिंग हळूहळू उलगडते आणि तिची शक्ती दातेरी चाकांच्या मालिकेतून पुढे जाते. मालिकेच्या शेवटी असलेले बॅलन्स चाक मागे-पुढे झुलत या शक्तीला लय देते. घड्याळाचा अचूकपणा या लयीवर अवलंबून असतो. मालिकेतील मधल्या आसावर मिनिटकाटा बसवलेला असतो आणि तो तासाला एक फेरी घेतो. तबकडीच्या खाली आणखी काही छोटी चाके असतात. ती मिनिटकाट्याची गती बारा पटींनी मंद करून तासकाट्याला देतात.

कोतिए यांनी सामान्यतः संपूर्ण यंत्र नव्याने बनवले नाही. कंपनीचे उत्तम चालणारे यंत्र घेऊन तबकडी आणि यंत्र यांच्या मधल्या अरुंद जागेत ते आपली चाके बसवत. तासकाटा १२ तासांत एक फेरी घेतो, म्हणून त्याच्या चाकाची गती निम्मी केली की २४ तासांत एक फेरी घेणारी कडी मिळते. हिशेब सोपा असला तरी काम अवघड होते. यंत्राचा व्यास जेमतेम २७ मिलिमीटर आणि उपलब्ध जाडी मिलिमीटरच्या अंशांत मोजण्याएवढी असे. जास्तीचे प्रत्येक चाक स्प्रिंगच्या शक्तीचा थोडा वाटा खाते. घर्षण वाढले की बॅलन्स चाकाचा झोका कमी होतो आणि घड्याळाची चाल बिघडू लागते. चाकांच्या दातांत फट राहिली तर कडी आकड्यावर नेमकी थांबत नाही. फट अजिबात ठेवली नाही तर चाके अडकतात. या दोन टोकांमधील मार्ग काढणे हे कोतिए यांचे खरे कौशल्य होते आणि हे सर्व काम हाताने होत असे.

पाटेक फिलिपसाठीचे काम

१९३७ पासून पाटेक फिलिप कंपनीसाठी त्यांनी जागतिक वेळ दाखवणारी मनगटी घड्याळे तयार करण्यास आरंभ केला. खिशातील घड्याळापेक्षा मनगटी घड्याळात जागा आणखी कमी असते. शिवाय हाताला बसणारे धक्के यंत्राला सोसावे लागतात. १९३९ मध्ये आलेल्या १४१५ क्रमांकाच्या मनगटी घड्याळात शहरांची नावे बाहेरील फिरत्या कड्यावर कोरलेली होती. त्याच सुमारास खिशातील ६०५ क्रमांकाचे घड्याळही तयार झाले.

त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि सामान्य माणसाचा परदेशप्रवास जवळपास थांबला. जगातील वेळ दाखवणारे घड्याळ ही त्या काळात निवडक ग्राहकांची हौस ठरली. युद्धानंतर १९५३ मध्ये कोतिए यांनी २५२३ क्रमांकाच्या घड्याळासाठी सुधारित रचना केली. बाहेरील कडे हाताच्या घर्षणाने अनवधानाने सरकत असे. त्यावर उपाय म्हणून शहरांची कडी काचेच्या आत घेऊन ती फिरवण्यासाठी डाव्या बाजूस दुसरी चावी देण्यात आली. यांपैकी काही घड्याळांच्या मध्यभागी मिनाकारीत खंडांचे नकाशे चितारलेले होते. त्या काळात या घड्याळांना फारशी मागणी आली नाही आणि ती मोजक्याच संख्येने बनली.

दुसऱ्या तासकाट्याची योजना

१९५० च्या दशकात परिस्थिती पालटली. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिक महासागरावरून जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली. जहाजाने जाताना प्रवासी दररोज थोडीथोडी वेळ बदलत असे. जेट विमानाने तो काही तासांतच पाच-सहा तास मागे किंवा पुढे जाऊ लागला. त्याला चोवीस शहरांची वेळ नको होती. घरी किती वाजले आणि इथे किती वाजले, एवढेच त्याला हवे होते.

रोलेक्सने याच दशकात वैमानिकांसाठी २४ तासांत एक फेरी घेणारा जादा काटा आणि फिरते कडे असलेले घड्याळ आणले. त्या मूळ रचनेत जादा काटा तासकाट्याशी जखडलेला होता आणि दुसरी वेळ कडे फिरवून वाचावी लागे. कोतिए यांनी निराळा मार्ग निवडला. तासकाटाच यंत्रापासून अंशतः मोकळा करण्याचे त्यांनी ठरवले.

या रचनेचे सूत्र असे आहे. तासकाट्याच्या फेरीचे बारा समान भाग पाडले तर प्रत्येक भाग ३० अंशांचा, म्हणजे एका तासाचा होतो. काटा या प्रत्येक टप्प्यावर पट्टीच्या स्प्रिंगने हलकेच धरून ठेवायचा. एरवी तो यंत्राबरोबर फिरत राहतो. कळ दाबताच मात्र स्प्रिंगचा प्रतिकार ओलांडून तो नेमका एक टप्पा पुढे किंवा मागे उडी घेतो. या उडीचा मिनिटकाट्याशी किंवा बॅलन्स चाकाशी काहीही संबंध येत नाही. चावी ओढून घड्याळ थांबवण्याची गरज राहत नाही, त्यामुळे प्रवासात घड्याळाचा एक सेकंदही चुकत नाही.

या यंत्रणेचे पेटंट पाटेक फिलिप कंपनीला १९५९ मध्ये मिळाले. २५९७ क्रमांकाच्या घड्याळात ती वापरली गेली. कंपनीच्या हाताने चावी द्यायच्या नेहमीच्या यंत्रावरच तिची उभारणी केलेली होती. घड्याळाच्या डाव्या अंगाला दोन कळा होत्या. एक तास पुढे नेण्यासाठी, तर दुसरी मागे आणण्यासाठी. आरंभीच्या घड्याळांत एकच तासकाटा होता, त्यामुळे मुक्कामाची वेळ लावली की घरची वेळ दिसेनाशी होई. १९६२ च्या सुमारास दुसरा तासकाटा जोडला गेला. एक काटा घरच्या वेळेवर स्थिर राही आणि दुसरा प्रवाशाबरोबर फिरे. घरी परतल्यावर दोन्ही काटे एकावर एक येत आणि घड्याळ पुन्हा साध्या घड्याळासारखे दिसे.

भारताचा अर्धा तास

या सुबक रचनेत एक अट दडलेली आहे. दोन तासकाट्यांना मिनिटकाटा एकच असतो. त्यामुळे दोन गावांच्या वेळेतील फरक पूर्ण तासांचा असेल तरच घड्याळ खरे सांगते. लंडन, जिनिव्हा, न्यूयॉर्क आणि टोकियो या शहरांबाबत ही अट पूर्ण होते. भारताबाबत होत नाही.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली. ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, कारण ती ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे. हे रेखावृत्त देशाच्या पूर्व-पश्चिम विस्ताराच्या साधारण मध्यावरून जाते. त्यापूर्वी रेल्वे मद्रासची वेळ पाळत असे, तर मुंबई आणि कलकत्ता या शहरांच्या स्वतंत्र वेळा होत्या. नवी वेळ मुंबईकरांनी सहजी स्वीकारली नाही. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे होती. गिरणी कामगारांनी नव्या वेळेचा निषेध केला आणि महापालिकेने आपली घड्याळे पुन्हा जुन्या वेळेवर नेली. कलकत्त्याची वेळ १९४८ पर्यंत, तर मुंबईची वेळ १९५५ पर्यंत वापरात राहिली. कोतिए कारूजमध्ये जगाची वेळ एका तबकडीवर आणत असताना मुंबईकर एकाच शहरात दोन वेळांचा हिशेब ठेवत होते.

रायपूरची गोष्ट मात्र वेगळी आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आलेल्या छत्तीसगड राज्याची ही राजधानी ८१ अंश ३८ मिनिटे पूर्व रेखांशाच्या जवळ आहे. प्रमाणवेळेचे रेखावृत्त छत्तीसगडमधूनच जाते आणि ते रायपूरच्या पूर्वेला सुमारे ९० किलोमीटरवर आहे. वर्षभराची सरासरी घेतल्यास रायपूरची सूर्यवेळ आणि भारतीय प्रमाणवेळ यांत केवळ साडेतीन मिनिटांचे अंतर पडते. देशाची वेळ आणि आकाशातील सूर्य यांचा मेळ ज्या थोड्या शहरांत जवळपास तंतोतंत बसतो, त्यांत रायपूरचा समावेश होतो.

असे असूनही रायपूरमधील एखाद्या कुटुंबाने लंडनमधील मुलाची वेळ पाहण्यासाठी कोतिए पद्धतीचे दोन तासकाट्यांचे घड्याळ घेतले, तर ते अर्ध्या तासाने चुकेल. हिवाळ्यात रायपूरला दुपारी दीड वाजतो तेव्हा लंडनमध्ये सकाळचे आठ वाजलेले असतात. मिनिटकाटा सहाच्या आकड्यावर असताना दुसरा तासकाटा फार तर साडेसात किंवा साडेआठ दाखवू शकतो. जागतिक वेळेच्या घड्याळातील २४ आकड्यांच्या कडीचीही हीच अडचण आहे. वाचणाऱ्याला अर्धा तास मनात मिळवावा किंवा वजा करावा लागतो. नेपाळची वेळ तर ग्रिनिचच्या पावणेसहा तास पुढे आहे. आसाममधील चहामळ्यांत प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेली बागान वेळ पाळली जाते. हा फरक पूर्ण तासाचा असल्याने रायपूर आणि चहामळा या दोन ठिकाणांसाठी मात्र कोतिए यांचे घड्याळ बिनचूक चालेल.

या उणिवेचा दोष कोतिए यांच्याकडे जात नाही. त्यांनी आपल्या काळातील प्रवाशांच्या गरजेला उत्तर शोधले आणि ते प्रवासी प्रामुख्याने युरोप आणि अमेरिकेतील होते. अर्ध्या आणि पाव तासांचे विभाग दाखवायचे तर चाकांची आणि आकड्यांची मांडणी नव्याने करावी लागते. ज्या व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिन कंपनीने १९३२ मध्ये कोतिए यांची रचना स्वीकारली होती, तिनेच २०११ मध्ये अर्ध्या आणि पाव तासांच्या विभागांसह ३७ कालविभाग दाखवणारे यांत्रिक मनगटी घड्याळ सादर केले. त्यासाठी जवळपास आठ दशके जावी लागली.

निधन आणि वारसा

लुई कोतिए यांचे १९६६ मध्ये निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, जपानी कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि पुढील दशकात स्वित्झर्लंडमधील यांत्रिक घड्याळांचा उद्योग संकटात सापडला. अनेक कारखाने बंद पडले. कोतिए यांच्या रचनाही काही काळ विस्मरणात गेल्या.

यांत्रिक घड्याळांना पुन्हा मागणी येऊ लागली, तेव्हा कंपन्या त्यांच्याच कामाकडे वळल्या. पाटेक फिलिपने १९९७ मध्ये दोन तासकाट्यांचे आणि २००० मध्ये जागतिक वेळेचे घड्याळ नव्या रूपात आणले. जी घड्याळे कोतिए यांच्या हयातीत ग्राहकांची वाट पाहत राहिली, त्यांची किंमतही बदलली. २००२ मध्ये १४१५ क्रमांकाचे प्लॅटिनमचे घड्याळ लिलावात ६६ लाख स्विस फ्रँकला विकले गेले. तोपर्यंत कोणत्याही मनगटी घड्याळाला एवढी किंमत मिळालेली नव्हती. २०१९ मध्ये हाँगकाँग येथे २५२३ क्रमांकाच्या एका घड्याळाला सुमारे ७ कोटी हाँगकाँग डॉलर मिळाले.

आज मोबाइल फोनवर कोणत्याही गावाची वेळ, अर्ध्या आणि पाव तासांसह, क्षणात पाहता येते. तरीही जिनिव्हातील घड्याळ कंपन्या कोतिए यांनी घालून दिलेल्या मार्गाने नवी यंत्रे बनवत आहेत. चालत्या यंत्राची लय न बिघडवता त्यात दुसऱ्या गावाला जागा देण्याची त्यांची पद्धत त्या व्यवसायाचा पाया ठरली आहे. वडिलांनी १८८५ मध्ये कागदावर मांडलेली कल्पना मुलाने दुकानामागच्या कार्यशाळेत पूर्ण केली. भारताच्या अर्ध्या तासाचे काम मात्र पुढच्या पिढ्यांतील कारागिरांकडे आले.